शेवटचा ड्यूरिन म्हणजे शेवटचा राजा नव्हे

आमच्या घरी कुलवृत्तांताची एक जाडजूड प्रत आहे. तिच्या शेवटी घड्या घालून चिकटवलेले वंशवृक्ष आहेत आणि त्यातल्या कित्येक फांद्यांच्या टोकाला बारीक अक्षरात ‘निर्वंश’ असं छापलंय. लहानपणी मला ते कुणाचं तरी नाव वाटायचं. पुढे कॉलेजात टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलं. गोष्ट संपली, परिशिष्टं सुरू झाली, आणि ड्वार्फ लोकांच्या वंशवृक्षाच्या तळाशी जवळपास तसाच शब्द भेटला. ड्यूरिन सातवा, ‘आणि शेवटचा’. बस. हा कोण, कधी झाला, त्यानं काय केलं, याबद्दल त्या हजार-बाराशे पानांच्या पुस्तकात आणखी एक ओळही नाही.

या दोन शब्दांभोवती वाचकांनी बरंच काही रचलंय. ‘ड्वार्फांच्या शेवटच्या राजाची भविष्यवाणी’ असं सरसकट म्हटलं जातं, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टींचा गुंता आहे. एक समजूत, एक भाकीत आणि एक नोंद. समजूत ड्यूरिन परत येतो अशी. भाकीत मोरियाबद्दलचं. आणि नोंद म्हणजे हे ‘आणि शेवटचा’. तिन्ही वेगवेगळ्या काळातल्या आहेत, आणि हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सोपं आहे.

आधी ड्वार्फ कोण ते बघू. मराठीत ‘बुटके’ म्हणता येईल, पण त्या शब्दात थोडी टिंगल येते आणि हे लोक टिंगल करून घेणाऱ्यातले नाहीत, म्हणून ड्वार्फच म्हणतो. टॉल्किनच्या मिडल-अर्थमध्ये त्यांची उत्पत्ती जराशी चोरीचीच. आउले नावाच्या कारागीर देवाला धीर धरवेना, म्हणून त्यानं सृष्टिकर्त्या इलुवातारला न विचारता सात मूळपुरुष घडवले. इलुवातारनं ते ठेवून घेतले, त्यांना खरा प्राण दिला, पण अट घातली की एल्फ ही दुसरी जमात जागी होईपर्यंत यांनी दगडाखाली झोपायचं. त्या सातांतला थोरला ड्यूरिन. त्याचा वंश म्हणजे लांबदाढ्यांचं घराणं. आपल्याला पुस्तकात भेटणारे बहुतेक ड्वार्फ त्याच घराण्यातले किंवा त्याच्या आसऱ्याचे.

हा ड्यूरिन फिरत फिरत डोंगराखालच्या एका तळ्यापाशी आला. तळ्याचं नाव खेलेद-झाराम, म्हणजे आरसातळं. त्यानं वाकून पाहिलं तर पाण्यात सात तारे, आणि ते नेमके त्याच्याच डोक्याभोवती मुकुटासारखे. त्यानं तो शकुन मानला आणि वरच्या डोंगरात खझाद-दूम हे शहर कोरलं. त्यालाच पुढे इतरांनी मोरिया, म्हणजे काळा खड्डा, असं नाव ठेवलं. त्या तळ्याची गंमत अशी की त्यात भर दिवसाही तारे दिसतात, पण वाकणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसत नाही. हजारो वर्षांनी कादंबरीचे नायक फ्रोडो आणि सॅम तिथे वाकून बघतात तेव्हा त्यांनाही तसंच दिसतं. त्यांच्या सोबतचा ड्वार्फ गिमली त्या आधी मोरियाच्या अंधारात एक जुनं गाणं म्हणतो, त्याचा शेवट असा, की ड्यूरिनचा मुकुट पाण्यात पडून आहे, ड्यूरिन झोपेतून उठेपर्यंत.

झोपेतून. मेलेला माणूस नव्हे, झोपलेला. सगळ्या समजुतीचं मूळ त्या शब्दात आहे.

ड्यूरिन इतका जगला की लोक त्याला ‘अमर’ म्हणू लागले. पण मेला तोही. पुढे त्याच्या घराण्यात पाच वेळा असा वारस जन्मला की तो हुबेहूब मूळपुरुषासारखा दिसे, आणि प्रत्येकाला ड्यूरिन हेच नाव मिळालं. मूळचा एक अधिक पाच म्हणजे सहा. सातवा तो वंशवृक्षाच्या तळाचा. ड्वार्फ लोक या प्रत्येकाला वारस मानत नसत. तोच परत आला असं मानत.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, आणि त्यानं कपाळाला आठी घातली की आजीनं ‘हेच परत आले’ म्हणायचं, हे आपण घरोघरी बघतो. पण आपल्याकडे आजी ते म्हणते आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच नातवाला धपाटा घालते. ड्वार्फ ते शब्दशः मानत. टॉल्किननं उतारवयात यावर एक टिपण लिहिलं होतं. ते त्याचा मुलगा ख्रिस्तोफर यानं १९९६ साली, म्हणजे टॉल्किन जाऊन २३ वर्षं झाल्यावर, ‘द पीपल्स ऑफ मिडल-अर्थ’ या खंडात छापलं. त्यात बाळाचा जन्म वगैरे प्रकारच बाजूला पडतो. मूळपुरुषाचं शरीर थडग्यात न कुजता राहतं, आत्मा तिथेच विसावा घेतो, शीण आणि जखमा भरून निघतात, आणि पुष्कळ वर्षांनी तोच राजा उठून पुन्हा गादीवर बसतो. आधीच्या राजवटीही त्याला आठवतात. मधली वर्षं गळून गेल्यासारख्या, सलग एकाच आयुष्यातल्या असाव्यात तशा. आणि हे बहुधा केव्हा घडे? गादीवरच्या राजाला मुलगा नसेल तेव्हा.

हे शेवटचं कलम वाचून मला हसू आलं होतं. आपल्याकडे अशा वेळी दत्तक घेत. ड्वार्फांनी थेट पणजोबांनाच दत्तक घेतलं म्हणायचं.

पण ही झाली समजूत. तिच्यात ‘शेवट’ कुठेच नाही. उलट ती शेवट नाकारण्यासाठीच आहे.

आता भाकीत. ते समजायला सहाव्या ड्यूरिनपासून सुरुवात करावी लागते. खझाद-दूमची श्रीमंती मिथ्रिल या धातूची. त्याच्या शिरेमागे खणत खणत ड्वार्फ इतके खोल गेले की खाली लपून बसलेला एक बॅलरॉग, म्हणजे आग आणि सावलीचा प्राचीन राक्षस, जागा झाला. तिसऱ्या युगाच्या १९८० साली त्यानं सहाव्या ड्यूरिनला मारलं. पुढच्या वर्षी त्याच्या मुलाला, नाइनला. उरलेले ड्वार्फ शहर टाकून पळाले. राक्षसाचं खरं रूप काय ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला नाव ठेवलं ‘ड्यूरिनचा काळ’.

आठशेहून जास्त वर्षं गेली. म्हातारा थ्रोर, ड्यूरिनच्या वंशातला हद्दपार राजा, एकाच सोबत्याला घेऊन मोरियाच्या दाराशी गेला आणि एकटाच आत शिरला. ऑर्क नावाच्या दुष्ट जमातीचा म्होरक्या अझॉग यानं त्याचं मुंडकं उडवलं, कपाळावर स्वतःचं नाव डागलं, आणि बाहेर थांबलेल्या सोबत्याच्या अंगावर चार दमड्यांची थैली फेकली. ही घे तुझी मजुरी. त्या थैलीवरून सहा वर्षांचं युद्ध झालं. सातही घराणी त्यात उतरली. शेवटची लढाई २७९९ साली, त्याच आरसातळ्याच्या खोऱ्यात.

त्या लढाईत डाइन नावाचा ३२ वर्षांचा पोरगा होता. ड्वार्फ अडीचशे वर्षं जगतात, त्या हिशेबानं मिसरूडच फुटलेलं. त्याच्या बापाला त्याच्या डोळ्यांदेखत अझॉगनं मारलं. डाइननं पायऱ्या चढून जाऊन मोरियाच्या ऐन दारासमोर अझॉगला ठार केलं. केवढा पराक्रम! पण तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं दाराच्या आत पाहिलं होतं.

खाली जल्लोष सुरू झाला. अझॉगचं मुंडकं भाल्यावर चढलं आणि त्याच्या तोंडात तीच दमड्यांची थैली कोंबली गेली. थ्रोरचा मुलगा थ्राइन एका डोळ्यानं आंधळा झालेला, पायानं लंगडा, पण म्हणाला, जिंकलो, आता खझाद-दूम आपलं. इतर घराण्यांचे लोक म्हणाले, ते तुमच्या बापजाद्यांचं घर, आमच्या नव्हे. आम्ही सूड घ्यायला आलो होतो, निघालो. मग थ्राइननं डाइनकडे पाहिलं. आणि या पोरानं राजाला तोंडावर सांगितलं की, तुमच्यासाठी रक्त सांडलं, पुन्हा सांडू, पण आत आम्हीही जाणार नाही आणि तुम्हीही जाणार नाही. ड्यूरिनचा काळ दारामागे अजून वाट बघतोय. आधी जग बदलावं लागेल, आपल्याहून वेगळी कुठली तरी शक्ती यावी लागेल, तेव्हाच ड्यूरिनचे लोक मोरियात पुन्हा पाऊल ठेवतील.

भाकीत ते एवढंच. त्यात कुठला मंत्र नाही की अंगात येणं नाही. डाइन काही द्रष्टा नव्हता. त्यानं आत पाहिलं, आपली ताकद मोजली, आणि हिशेब सांगितला. मला तरी टॉल्किनच्या सगळ्या भाकितांत हे सगळ्यात पटणारं वाटतं, कारण ते एका घाबरलेल्या शहाण्या मुलाच्या तोंडून येतं. त्यात राजाचं नाव नाही, आकडा नाही, ‘शेवटचा’ हा शब्द तर मुळीच नाही.

विजयाची किंमत काय होती, तेही तिथेच दिसलं. ड्वार्फ आपले मृत दगडात पुरतात. इतक्या प्रेतांना दगडी थडगी बांधायची तर वर्षं लागली असती. त्यांनी खोऱ्यातली झाडं तोडून चिता रचल्या. ते खोरं नंतर उजाडच राहिलं. त्या जळालेल्यांच्या वंशजांनी पुढे अभिमानानं सांगावं, आमचा पूर्वज ‘जाळलेल्या ड्वार्फां’पैकी.

भाकीत ऐकून सगळे गप्प बसले असते तर गोष्टच उरली नसती. १९० वर्षांनी, २९८९ साली, बालिन नावाच्या ड्वार्फनं माणसं जमवली आणि मोरियात गेला. सुरुवातीला जमलंही. त्यानं स्वतःला मोरियाचा स्वामी म्हणवून घेतलं. पाच वर्षांनी नोव्हेंबरमधल्या एका दिवशी तो एकटाच आरसातळ्यात डोकवायला गेला. एका ऑर्कनं दगडाआडून बाण मारला. पाण्यात मुकुट बघायला वाकलेला माणूस तिथेच पडला. बाकीचे आत कोंडले गेले आणि संपले. त्यांची वही, मळलेली, फाटलेली, काही पानं रक्तानं चिकटलेली, पुढे जादूगार गॅन्डाल्फला सापडते.

भाकीत खरं झालं ते ३०१९ साली, २५ जानेवारीला. गॅन्डाल्फनं डोंगराच्या शिखरावर बॅलरॉगला मारलं. ‘आपल्याहून वेगळी शक्ती’ म्हणजे हीच. डाइन तेव्हा एरेबोर या डोंगरातल्या ड्वार्फ राज्याचा राजा होता, २५२ वर्षांचा. १७ मार्चला तो वेढ्यातल्या आपल्या दारासमोर, पडलेल्या मित्र-राजाच्या प्रेतावर उभा राहून लढताना मारला गेला. मध्ये दोन महिनेही नाहीत. आपलं २२० वर्षांपूर्वीचं म्हणणं खरं झालं ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली असेल असं वाटत नाही.

बॅलरॉग मेला म्हणून ड्वार्फ लगेच घरी परतले असंही नाही. स्वतः गिमलीनं युद्धानंतर आपले लोक नेले ते हेल्म्स डीपच्या चकाकत्या गुहांत, मोरियात नाही. मोरियात परतायला पुन्हा एक ड्यूरिन जन्मावा लागला.

आता मधला एक रुक्ष पण महत्त्वाचा भाग: ही जमात विझत का चालली होती? शाप वगैरे काही नाही. गणित आहे. परिशिष्टात गिमलीच्या हवाल्यानं दिलंय की ड्वार्फांत बायका एकूण लोकसंख्येच्या फार तर एक तृतीयांश. त्यातल्या काहींना लग्नच नको असतं. काहींना जो हवा तो मिळत नाही, आणि मग दुसरा नको असतो. पुरुषांतले एक तृतीयांशाहून कमी लग्न करतात, बाकीचे हातोडा आणि ऐरणीत रमलेले. हजार ड्वार्फ धरा. बायका ३३३, पुरुष ६६७, आणि संसार थाटणारे पुरुष २२२ च्या आतच. हजाराचे हजार राखायचे तरी प्रत्येक जोडप्याला साडेचार मुलं हवीत, आणि तीही सगळी जगायला हवीत. वर अझॉगसारखं युद्ध, स्मॉगसारखा ड्रॅगन, घरदार सुटणं. सुरक्षित वस्ती नसली की ड्वार्फांची जमात धोक्यात येते, असं परिशिष्टात स्पष्टच म्हटलंय. माणसांत तर अशी वेडगळ समजूत होती की ड्वार्फ स्त्रिया नसतातच, ते दगडातून उगवतात. त्या सगळ्या वंशकथेत एकाच ड्वार्फ स्त्रीचं नाव येतं, दीस, आणि तेही तिची मुलं लढाईत मेली म्हणून.

तर ‘आणि शेवटचा’. कशातला शेवटचा?

बहुतेक जण धरून चालतात की ड्वार्फांचा शेवटचा राजा. पण त्याच १९९६ च्या खंडात परिशिष्टाचा एक कच्चा मसुदा आहे, त्यात मजकूर वेगळाच निघतो. डाइनचा वंश भरभराटीला आला, राजवैभव परतलं, आणि मग त्या घराण्यात ड्यूरिन हे नाव धारण करणारा वारस शेवटचा एकदा जन्मला. तो मोरियात परत गेला, खोल दालनांत पुन्हा दिवे लागले, हातोड्यांचे आणि तंतुवाद्यांचे आवाज घुमू लागले. हे किती काळ चाललं? जग म्हातारं होईपर्यंत, ड्वार्फ क्षीण होऊन ड्यूरिनच्या वंशाचे दिवस भरेपर्यंत.

नीट वाचलं तर शेवटचा आहे तो *ड्यूरिन*. त्याच्यानंतर मुलं, नातू, आणखी राजे झाले नसतील असं तिथे कुठेही नाही. दिवे लागल्यापासून विझेपर्यंत पिढ्याच्या पिढ्या गेल्या असतील. शेवटचा राजा कुणी वेगळाच असणार, आणि त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. त्याला पाहून ‘हेच परत आले’ असं म्हणायला कुणी उरलं नव्हतं, इतकाच अर्थ.

टॉल्किननं शेवटच्या राजांबद्दल खरीखुरी भाकितंही लिहिलीत, आणि ती किती वेगळी चालतात ते पाहिलं की ड्यूरिनचं प्रकरण जास्त उघडं पडतं. न्यूमेनोर या बुडालेल्या बेटाचा राजा तार-पालान्तिर यानं सांगून ठेवलं होतं, पांढरा वृक्ष मेला की राजवंश संपेल. त्याच्या पुतण्यानं, आर-फाराझोननं, तो वृक्ष सॉरन या दुष्ट शक्तीला जाळू दिला, आणि काही वर्षांत बेटासकट बुडाला. सरळ, यादवांच्या मुसळासारखं: पूड करून समुद्रात टाकलं तरी लव्हाळं होऊन वर येणार.

आर्वेदुईची गोष्ट जास्त चटका लावणारी. त्याच्या नावाचा अर्थच ‘शेवटचा राजा’. तिसऱ्या युगाच्याच १८६४ साली तो जन्मला तेव्हा माल्बेथ या द्रष्ट्यानं बापाला सांगितलं, हे नाव ठेव, कारण आर्थेदाइनचा, म्हणजे उत्तरेतल्या लहान राज्याचा, हा शेवटचा राजा. पण पुढे त्यानं एक खिडकी उघडी ठेवली. त्याच्या लोकांसमोर एक निवड येईल. जो पर्याय कमी आशेचा दिसतो तो त्यांनी घेतला तर तुझा मुलगा नाव बदलून मोठ्या राज्याचा राजा होईल. तसं झालं नाही, तर फार दुःख आणि फार पिढ्या. म्हणजे ‘शेवटचा’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच नावात: राज्य लहान होतं म्हणून संपलं, की मोठं झालं म्हणून. १९४४ साली गॉन्डोर या दक्षिणेतल्या मोठ्या राज्याची गादी रिकामी झाली, आर्वेदुईनं हक्क सांगितला, दरबारानं नाकारला. गॉन्डोरनं जिंकून आलेला सेनापती निवडला, जो ज्याला त्याला जास्त आशेचा वाटला. ३० वर्षांनी आर्वेदुई राज्य गमावून उत्तरेच्या बर्फात पळाला. त्याला घ्यायला जहाज आलं तेव्हा तिथल्या गरीब हिमवासींचा म्होरक्या म्हणाला, या समुद्रराक्षसावर चढू नका, उन्हाळ्यापर्यंत थांबा. त्यानं ऐकलं नाही. बर्फानं जहाज चिरडलं.

द्रष्ट्याचं भाकीत शंभराहून जास्त वर्षं जुनं होतं आणि हिमवासी म्होरक्याचं त्या दिवसाच्या वाऱ्याबद्दलचं. राजा बुडाला ते दुसरं न ऐकल्यामुळे.

ड्यूरिनच्या बाबतीत असा द्रष्टाच नाही. मग ‘आणि शेवटचा’ हे लिहिलं कुणी? कथेची चौकट अशी आहे की हे सगळं जुन्या हस्तलिखितांतून आलंय आणि ड्वार्फांचा बराच मजकूर गिमलीनं सांगितलेला. पण गिमलीला पुढचा ड्यूरिन सातवा असेल हे एक वेळ माहीत असेल. तो शेवटचा असेल हे कसं माहीत? एक तर ड्वार्फांत तसं काही बोललं जात होतं, सात मूळपुरुष, सात तारे, सात अंगठ्या, तर सातच ड्यूरिन. किंवा सगळं संपल्यावर कुणीतरी शांतपणे वंशवृक्षात दोन शब्द घातले. मी दुसऱ्या बाजूचा. आपल्या पुराणांत मौर्य आणि आंध्र राजांच्या याद्या भविष्यकाळात दिल्यात, अमुक इतकी वर्षं राज्य ‘करतील’ म्हणून. लिहिणाऱ्यानं त्या राजांच्या मागाहून लिहिलं हे उघड आहे. फरक एवढाच की पुराणकारानं नोंदीला भाकिताचा वेष चढवला, आणि ड्यूरिनच्या बाबतीत वाचकांनी.

कच्च्या मसुद्यातलं ते दिवे आणि हातोड्यांचं वाक्य, माझ्या मते त्या परिशिष्टातलं सगळ्यात सुंदर वाक्य, १९५५ साली पुस्तक छापताना गळलं. वंशवृक्षात तळाशी तेवढे दोन शब्द राहिले.